नाकापेक्षा केबल जड

कणभौतिकीच्या डिटेक्टरमध्ये सगळ्यात आत, प्रोटॉनांची टक्कर होते त्या जागेला अगदी खेटून जो भाग बसवतात त्याला ट्रॅकर म्हणतात. टकरीतून उधळलेले विद्युतभारित कण कोणत्या वाटेने गेले याची नोंद ठेवणे एवढेच त्याचे काम. डिटेक्टरमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते, त्यात या कणांच्या वाटा वाकतात, आणि वाट किती वाकली त्यावरून कणाचा संवेग काढतात. कमी संवेगाचा कण चांगला घसघशीत वळसा घेतो. ज्यांच्यासाठी एवढा खर्च करून यंत्र उभारले ते जास्त संवेगाचे कण मात्र जवळजवळ सरळच निघून जातात. त्यांच्या वाटेला बाक आहे की नाही, आणि असलाच तर किती, हे ठरवायचे तर मायक्रॉनमध्ये मोजावे लागते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि ट्रॅकरच्या मंडळींना केस ही फारच ढोबळ वस्तू वाटते.

मोजणी करतात ते सिलिकॉनचे पातळ पत्रे. कण पत्र्यातून पार होताना थोडासा विद्युतभार मोकळा करतो, तो पत्र्यावरच्या कुठल्या पट्टीत किंवा कुठल्या चौकोनी पिक्सेलमध्ये गोळा झाला ते पाहायचे, आणि एकामागोमाग एक लावलेल्या अशा थरांतले ठिपके जोडत जायचे. तत्त्व इतके सोपे आहे की शाळेतल्या मुलालाही कळावे. अडचण पुढे, तो पत्रा तिथे नेऊन बसवताना सुरू होते.

ट्रॅकरकडून अपेक्षा दोनच असतात. त्याला सगळे दिसले पाहिजे, आणि तो स्वतः तिथे असता कामा नये. कारण वाटेत जितके द्रव्य, तितका कण धडपडणार. इलेक्ट्रॉन ऊर्जा सांडत जातो, फोटॉनाचे मध्येच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत रूपांतर होते, आणि बाहेरच्या थरांत ऊर्जा मोजायला बसलेल्यांच्या हाती भलतेच काही लागते. म्हणून कोणत्या दिशेला किती द्रव्य खपवून घ्यायचे याचे एक बजेट आखतात. इतर बजेटांचे जे होते तेच याचेही होते. सर्न या प्रयोगशाळेतल्या सीएमएस डिटेक्टरचा पहिला ट्रॅकर उभा राहिला तेव्हा काही दिशांना त्यातले द्रव्य जवळजवळ दोन विकिरण-लांबी (द्रव्य कणांना किती अडवते याचे माप) इतके भरले. अशा दिशेने निघालेल्या बहुतेक फोटॉनांना धडपणे बाहेर पडता येत नाही. कणांची वाट मोजायला यंत्र बसवले, आणि फोटॉनांची वाट त्यानेच लावली.

या द्रव्यात सिलिकॉनचा वाटा थोडका. बाकीचे सगळे वीज नेणाऱ्या तारा, माहिती आणणारे प्रकाशतंतू, थंडाव्याच्या नळ्या आणि हे सगळे धरून ठेवणारा कार्बन फायबरचा सांगाडा. मोती बसवायला नथ घडवली आणि नथीच्या तारेनेच नाक झाकले, असा हा प्रकार आहे. ट्रॅकर बसवण्याची बहुतेक कथा ही म्हणून सिलिकॉनची नसून केबलची कथा आहे.

सीएमएस फ्रान्समधल्या सेसी गावाच्या खाली, जमिनीपासून सुमारे १०० मीटर खोल आहे. नावातला पहिला शब्द ‘कॉम्पॅक्ट’, म्हणजे आटोपशीर. लांबी २१ मीटर, व्यास १५ मीटर, वजन १४,००० टन. एकट्या लोखंडाचा विचार केला तरी आयफेल टॉवरपेक्षा जास्त. हे नाव कुणी थट्टेने ठेवलेले नाही. प्रोटॉन फिरवणाऱ्या एलएचसी या यंत्राच्या वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला असलेला ॲटलास डिटेक्टर ४६ मीटर लांब आहे आणि वजनाने सीएमएसच्या निम्मा. शेजाऱ्याशी लांबी ताडून पाहिली की चौदा हजार टनही आटोपशीर ठरतात.

या लोखंडाच्या पोटात ३.८ टेस्लाचे अतिवाहक चुंबक, चुंबकाच्या पोटात ऊर्जा मोजणारी कॅलरीमीटरे, आणि त्यांच्या पोटात ट्रॅकर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेले कॅलरीमीटरचे बाहेरचे थर चुंबकाच्याही बाहेर बसले आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे जरा ऐसपैस जागा आहे. आतल्यांना तेवढे भाग्य नाही. सगळ्यात आतल्या वर्तुळाला शिशाच्या टंगस्टेटचे स्फटिक लागून आहेत, एकूण ७५ हजारांहून जास्त, आणि त्यांतले बहुतेक आधीच येऊन बसलेले. ट्रॅकर शेवटी येतो. जो सर्वांत आत, तो सर्वांत उशिरा. आणि त्याला धक्का न लावता बसता आले पाहिजे ही जबाबदारी त्याचीच, आधी आलेल्यांची नव्हे. रेल्वेच्या डब्यात हा न्याय सर्वांना ठाऊक आहे.

सीएमएसचा मोठा, म्हणजे स्ट्रिप ट्रॅकर २००७ च्या डिसेंबरात बसला. त्यात सिलिकॉनचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मीटर आणि पट्ट्या नव्वद लाखांहून जास्त. जोडणी झाली सर्नच्या मेरॅं येथील मुख्य आवारात, स्वित्झर्लंडमध्ये. बसवायचा फ्रान्समध्ये. तेव्हा तो रात्री, रस्ता मोकळा असताना, ट्रेलरवर चढवून अतिशय सावकाश नेला. ज्या सरहद्दीपलीकडे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने प्रोटॉन फिरवायचे होते, ती ओलांडायला ट्रॅकरने मुंगीची पावले टाकली. खाली उतरवल्यावर २.४ मीटर व्यासाचे हे पिंप स्फटिकांच्या नळीत सरकवले, चारी बाजूंना काही सेंटिमीटर जागा राखून. छायाचित्रात हा क्षण फार देखणा दिसतो. केबल जोडायला पुढचे महिने लागले, त्याची छायाचित्रे फारशी कुणी लावत नाही.

खरी कसोटी लागते ती मात्र त्याच्याही आतल्या पिक्सेल डिटेक्टरची. तो टकरीच्या सर्वांत जवळ, म्हणून किरणोत्सर्गाचा सर्वाधिक मारा त्याच्यावर, म्हणून तो सर्वांत आधी निकामी होणार. साहजिकच तो वारंवार काढता-घालता यायला हवा. आणि असतो मात्र तो चौदा हजार टनांच्या ऐन गाभ्यात. वारंवार लागणारी गोष्ट माळ्यावर सर्वांत मागे ठेवण्याची पद्धत घराघरांत आहे, तिला इथे भौतिकशास्त्राचाही पाठिंबा मिळाला आहे.

२०१७ च्या वसंतात सीएमएसमध्ये नवा पिक्सेल डिटेक्टर बसला. जुन्यात ६ कोटी ६० लाख पिक्सेल होते, नव्यात १२ कोटी ४० लाख. जुन्याचा सर्वांत आतला थर टकरीच्या रेषेपासून ४४ मिलिमीटरवर होता, नव्याचा २९ मिलिमीटरवर. मधले पिंप स्वित्झर्लंडच्या फिलिगेन गावातल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाले, दोन टोकांच्या तबकड्या अमेरिकेतल्या फर्मीलॅबकडून आल्या. पिंप स्वतः अर्ध्या मीटरहून थोडे लांब. त्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या, तारा आणि नळ्या वाहून नेणाऱ्या पन्हळी प्रत्येकी दोन मीटरहून लांब. यंत्र आणि सरंजाम यांचे प्रमाण इथे एका दृष्टिक्षेपात कळते.

आत शिरण्यासाठी आधी डिटेक्टर उघडावा लागतो. त्याच्या टोकांचे शेकडो टनांचे लोखंडी काप हवेच्या गाद्यांवर किंचित उचलून बाजूला सारतात. मग दिसते ती बीम-पाइप, म्हणजे प्रोटॉन ज्यातून धावतात ती नळी. मधल्या भागात ती बेरिलियमची आहे, आणि तिची जाडी ०.८ मिलिमीटर. बेरिलियम हलके, कणांना फारसे न अडवणारे, म्हणून निवडलेले. ते ठिसूळ आहे आणि त्याची पूड विषारी आहे. आत निर्वात असताना बाहेरच्या हवेचा दाब या नळीवर सतत पडत असतो, त्यामुळे तशा अवस्थेत तिच्या आसपास पान्हे घेऊन वावरण्याला परवानगी नसते. काम सुरू करण्यापूर्वी नळीत अतिशुद्ध निऑन भरतात. साधी हवा चालत नाही, कारण नळीच्या आतल्या अस्तराला हवा लागली की ते पुन्हा तापवून ताजे करावे लागते. आणि भोवती ट्रॅकर बसलेला असताना नळी दोनशे अंशांना तापवण्याची सूचना करणाऱ्याकडे लोक विचित्र नजरेने पाहतात.

नळीत काहीही राहू नये, हा दंडक निव्वळ पुस्तकी नाही. एलएचसीच्या आधी त्याच बोगद्यात लेप नावाचे यंत्र होते. १९९६ मध्ये ते सुरू करताना किरणशलाका काही केल्या फेरी पूर्ण करेना. अभियंत्यांनी चुंबके तपासली, गणिते तपासली, आणि शेवटी नळी उघडली. आत बिअरच्या दोन बाटल्या निघाल्या. त्या कोणी ठेवल्या याचा उलगडा झाला नाही. कणभौतिकीतल्या काही मोजक्या अनुत्तरित प्रश्नांपैकी हा एक. पुढे एलएचसीच्या नळीत संपर्काच्या धातूच्या पट्ट्या आत वाकल्या आहेत का हे पाहण्यासाठी पिंगपाँगच्या चेंडूएवढा, पोटात रेडिओ प्रक्षेपक असलेला एक गोळा तयार केला, आणि हवेच्या झोताने किलोमीटरच्या किलोमीटर पळवला. जिथे तो अडकेल तिथे खोट. बाटल्यांनंतर ही कल्पना कुणालाही विचित्र वाटली नसावी.

पिक्सेल डिटेक्टर अखंड पिंप म्हणून आत जाऊ शकत नाही, कारण मध्ये बीम-पाइप आहे. म्हणून त्याचे उभे दोन अर्ध करतात, डावा आणि उजवा, आणि ते नळीच्या दोन बाजूंनी रुळांवरून आत सरकवतात. रूळ सरळ नाहीत. वाटेत नळीचे आधार लागतात, तिथे अर्धांनी बाजूला व्हायचे, आधार मागे पडला की पुन्हा आत वळायचे, आणि ठरल्या जागी पोचल्यावर एकमेकांना जवळजवळ टेकायचे. शेवटच्या टप्प्यात सिलिकॉन आणि बेरिलियम यांच्यात जेमतेम काही मिलिमीटर उरतात. एका बाजूला अनेक देशांची अनेक वर्षांची मेहनत, दुसऱ्या बाजूला विषारी, ठिसूळ आणि बदलायला महिनोन्‌महिने लागतील अशी नळी. दोघांपैकी कोण आधी फुटेल यावर कुणी पैज लावत नाही.

म्हणूनच रंगीत तालमी होतात. जमिनीवर खोटा ट्रॅकर, खोटी बीम-पाइप आणि खोटा पिक्सेल उभारून तेच रूळ, तीच माणसे, त्याच सूचना. तालमीत जे जे अडते ते कानशीने घासून किंवा आराखडा बदलून दुरुस्त करता येते. प्रत्यक्ष दिवशी कानस चालत नाही. गुहेतल्या मंचावर माणसे मोजकीच असतात. सूत्रे एकाच्या हाती असतात. एक हाताने सरकवतो, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून बाकीचे फटीकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात, आणि ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार सर्वांना असतो. ‘चालू दे’ म्हणण्याचा एकालाच. कोट्यवधींच्या यंत्राला शेवटी ढकलतो तो माणसाचा तळहात, कारण मोटार अडथळा लागला तरी ढकलत राहते आणि तळहाताला अडथळा कळतो. मनगटाला स्थिर विद्युत जमिनीत सोडणारा पट्टा असतो, छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला. नळीजवळ कोणी किती वेळ थांबायचे याचा हिशेब आधीच झालेला असतो, त्यामुळे ‘जरा बघू तरी’ म्हणून डोकावणाऱ्या पाहुण्यांची सोय नाही. हत्यारांचीही मोजदाद होते, जाताना आणि येताना. विसरलेला लोखंडी पाना हा एरवी निरुपद्रवी प्राणी, पण चुंबक सुरू झाल्यावर तो स्वतः निघून येतो, आणि येताना वाटेत काय आहे ते बघत नाही.

सरकवण्याचे काम दिवसांत उरकते. त्यानंतर येतात केबल.

स्ट्रिप ट्रॅकरमधून नुसते प्रकाशतंतूच सुमारे ४० हजार निघतात. वीजपुरवठ्याच्या तारा आणि थंडाव्याच्या नळ्या वेगळ्या. या सगळ्यांना बाहेर पडायला मार्ग एकच, पिंपाचे टोक आणि कॅलरीमीटर यांमधली फट. त्याच फटीतून इतरही मंडळींच्या तारा जातात. तिथे आधी टाकलेली तार खाली राहते, नंतरची वर येते, आणि दहा वर्षांनी दुरुस्तीला हवी असते ती नेमकी तळातली. तार तिरपी ओढली तर पुढच्या पन्हळीचे झाकण लागत नाही. जोडणीचे खटके काड्यापेटीएवढ्या जागेत, हात आत गेला की डोळ्यांना दिसत नाही, आणि डोळे आत नेले की हात राहत नाही. प्रत्येक केबलला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची माहिती कोशात, आणि तरीही चाचणीच्या वेळी काही वाहिन्या भलत्याच मोड्यूलचे, म्हणजे भलत्याच पत्र्याचे, निरोप आणतात. मग माणूस आत पाठवायचा की कोश बदलायचा, असा प्रश्न उभा राहतो. बहुतेकदा कोशच बदलतात. तो बदलायला शिडी लागत नाही.

२०१७ च्या पिक्सेलची एक मोठी गाठ इथेच बसली. पिक्सेल जवळपास दुप्पट झाले, म्हणजे वीजही तेवढ्या पटीने हवी. पण गुहेतून आत येणाऱ्या जुन्या केबल इतरांच्या खाली गाडल्या गेलेल्या, त्या उपसून काढणे शक्य नव्हते. तेव्हा केबल जुन्याच ठेवून जास्त व्होल्टेजने वीज आत न्यायची आणि डिटेक्टरच्या उंबऱ्यावर छोट्या डीसी-डीसी कनव्हर्टरांनी व्होल्टेज उतरवून घ्यायचे, असा मार्ग काढला. असे कनव्हर्टर शेकड्यांनी बसवले. त्यांची चिप सर्नमध्येच, किरणोत्सर्ग सोसेल अशी घडवलेली. उपाय नामी होता आणि कित्येक महिने छान चालला.

मधल्या काळात एक लहानशी व्याधी लक्षात आली. सर्वांत आतल्या थरातली एक नियंत्रक चिप, एखादा कण नको तिथे आदळला की, मध्येच थिजून जाई. तिला हुकूम देऊन जागे करण्याची सोय आराखड्यात राहून गेली होती. राहिला एकच इलाज, जो टीव्हीपासून बँकेच्या यंत्रापर्यंत सर्वत्र चालतो: बंद करून पुन्हा चालू करणे. कनव्हर्टर बंद करायचा, चालू करायचा, चिप शुद्धीवर. हे रोजचेच झाले. मग २०१७ च्या ऑक्टोबरात कनव्हर्टर एकामागोमाग एक मरू लागले, आणि ते मरत ते नेमके बंद करून चालू करताना.

कारण शोधायला बरेच महिने लागले. किरणोत्सर्गाने चिपमधल्या एका ट्रान्झिस्टरमध्ये किंचित गळती निर्माण होत होती. चिप चालू असताना तिने काही बिघडत नसे. चिप बंद असताना मात्र त्या गळतीमुळे आत व्होल्टेज साचत जाई आणि मर्यादा ओलांडून घटकाला इजा करी. किरणोत्सर्ग सोसण्याची चाचणी चिप उत्तीर्ण झाली होतीच. किरणोत्सर्गात बसून वारंवार बंद होण्याची चाचणी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. जगन्मान्य इलाज हाच रोग निघाला. त्या हिवाळ्यात अख्खा पिक्सेल डिटेक्टर बाहेर काढून सगळे कनव्हर्टर बदलले, आणि २०१८ मध्ये एक नवा नियम आला: कनव्हर्टर बंद करायचेच नाहीत. चिप थिजली तर मागचा मुख्य पुरवठा बंद करायचा. त्या वर्षी एकही मेला नाही.

केबलनंतरचे संकट पाण्याचे. किरणोत्सर्ग खाल्लेले सिलिकॉन गरम राहिले तर जास्त बिघडते, म्हणून ट्रॅकर शून्याखाली ठेवतात. भोवती दमट हवा असली की दव पडते, आणि वीज व दव यांचे सख्य नाही. त्यामुळे आत कोरडा वायू सोडून फटी बंद करतात. फटी पुष्कळ असतात, कारण प्रत्येक केबल स्वतःची एक फट घेऊन येते. सीएमएसचा स्ट्रिप ट्रॅकर पहिल्यापासून थंडीसाठी बनवलेला, पण २०१३ पर्यंतच्या पहिल्या फेरीत त्यातले शीतद्रव्य शून्याच्या वर ४ अंशांवर चालवावे लागले, कारण बाहेरच्या तारा-नळ्यांच्या मार्गातली दमट हवा आटोक्यात नव्हती. पुढच्या दीर्घ सुट्टीत फटी नव्याने बुजवल्या, कोरड्या वायूचा पुरवठा वाढवला, आणि मग तापमान उणे १५ वर, नंतर उणे २० वर गेले. कोट्यवधींचे यंत्र अनेक वर्षे आपल्या आराखड्यापेक्षा गरम राहिले ते केबलच्या कडेने आत येणाऱ्या हवेमुळे. ॲटलासवाल्यांनी हाच धडा वेगळ्या रीतीने घेतला. त्यांचा नवा आतला पिक्सेल थर २०१४ मध्ये बसला; त्याआधी २०१३ मध्ये थंडीच्या चाचण्यांत त्याच्या मोड्यूल पेलणाऱ्या पट्ट्यांवर दव धरले आणि पंचवीस मायक्रॉनच्या ॲल्युमिनियमच्या जोडतारा गंजल्या. गंजलेल्या तारा काढून नव्या लावण्याचे काम ज्यांनी केले त्यांची नजर आणि सहनशक्ती दोन्ही वाखाणण्याजोगी.

नळ्यांचेही तसेच. फर्मीलॅबच्या सीडीएफ डिटेक्टरमध्ये ट्रॅकर बसवून झाल्यावर लक्षात आले की थंडाव्याच्या काही नळ्यांत प्रवाहच जात नाही. जोडणीच्या वेळी वापरलेला इपॉक्सी गोंद कोपऱ्यावरच्या सांध्यात शिरून आत वाळला होता. ट्रॅकर बाहेर काढणे अशक्य. शेवटी नळीतून प्रकाशतंतू आत सरकवला, दुर्बिणीने बघत त्यातून लेझर सोडला, आणि गोंद जाळून वाट मोकळी केली. गोंदाचा ठिपका किती ठेवावा, यावर त्यानंतर कुणी हलगर्जीपणा केला नसेल.

सगळे जोडून, थंड करून, चालू केल्यावर उरतो शेवटचा प्रश्न: जे बसवले ते नेमके कुठे बसले आहे? कोणत्याही सुताराला हा प्रश्न अपमानास्पद वाटेल. इथे तो गांभीर्याने विचारतात आणि उत्तर वर्षानुवर्षे शोधत राहतात. बसवताना मोजपट्ट्यांनी, छायाचित्रांनी, लेझरने मोजमाप होते. त्यातून जागा एका मर्यादेपर्यंत कळते. पत्रे मोजतात मात्र दहा मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे यंत्राला कणाची जागा स्वतःच्या जागेपेक्षा जास्त चांगली माहीत असते. मार्ग असा काढतात की कणांकडूनच यंत्राची जागा विचारून घ्यायची. अवकाशातून म्युऑन सतत पडत असतात, चकटफू, आणि शंभर मीटर दगड भेदून गुहेपर्यंतही येतात. २००८ च्या शरदात, एलएचसी बिघडून बंद असताना, सीएमएसने चुंबक चालू ठेवून महिनाभर हेच म्युऑन गोळा केले. त्यांच्या वाटा कोणत्या पत्र्यापाशी किंचित तुटक दिसतात ते पाहत पत्र्यांच्या जागा सुधारत नेल्या, आणि मधल्या भागात ३-४ मायक्रॉनपर्यंतची अचूकता मिळवली. पुढे टकरींच्या माहितीवर सुमारे दोन लाख अज्ञात राशी एकाच वेळी सोडवणारे गणित चालू लागले.

ते गणित एकदा सोडवून भागत नाही, कारण यंत्र जागेवर राहत नाही. चुंबक बंद-चालू झाले की पिक्सेलचे अर्ध थोडे सरकतात. थंडावा गेला-आला की पुन्हा सरकतात. ॲटलासच्या त्या आतल्या थराच्या पट्ट्या तापमानात एका अंशाचा फरक पडला की सुमारे दहा मायक्रॉन वाकतात, कारण चिकटवलेल्या दोन पदार्थांचे प्रसरण वेगळे. २०१५ मध्ये किरणोत्सर्गामुळे चिपांचा विद्युतप्रवाह वाढला, त्यामुळे उष्णता वाढली, त्यामुळे पट्ट्या वाकल्या, आणि मोजणीत खोट आली. पट्ट्या सरळ करायला कुणी आत गेले नाही. वाकण्याचे गणित सॉफ्टवेअरमध्ये घातले आणि मामला मिटला. यंत्र चुकले तर यंत्र दुरुस्त करावे ही समजूत इथे मागास समजली जाते.

अचूक बसवण्याच्या या उद्योगात आपलाही हात आहे. बोगद्यात एलएचसीची १२३२ मुख्य वाकवणारी चुंबके आहेत, प्रत्येक १५ मीटर लांब आणि ३५ टनांच्या घरात. चुंबके टेकवायला आणि त्यांची जागा ५० मायक्रॉनच्या अचूकतेने ठरवायला लागणारे सुमारे सात हजार जॅक भारताने दिले. अणुऊर्जा विभागाच्या देखरेखीखाली, इंदूरच्या प्रयोगशाळेच्या पुढाकाराने ते तयार झाले. पस्तीस टनांच्या वस्तूला केसाच्या जाडीहून कमी अंतराने ढकलणारा जॅक ही गोष्ट सिलिकॉनपेक्षा कमी चर्चिली जाते, आणि ती बहुधा जास्त काळ टिकेल.

पिक्सेल डिटेक्टर टिकत नाही. २०१९ मध्ये तो पुन्हा बाहेर आला, सर्वांत आतला थर नवा केला, थिजणारी चिप आणि कनव्हर्टरची चिप दोन्ही सुधारल्या, आणि २०२१ मध्ये त्याच रुळांवरून, त्याच काही मिलिमीटरच्या फटीतून तो पुन्हा आत गेला.

एलएचसीची टकरींची संख्या वाढवण्यासाठी पुढची दीर्घ सुट्टी ठरली आहे. तिच्यात सीएमएसचा अख्खा ट्रॅकर, पट्ट्या आणि पिक्सेल दोन्ही, काढून नवा बसवायचा आहे. नव्याच्या आतल्या भागात पिक्सेल सुमारे दोनशे कोटी. प्रत्येक मोड्यूलला स्वतंत्र वीज द्यायची म्हटली तर केबलचे जंगल मोजणीलाच झाकून टाकेल, आणि जुनी कनव्हर्टरची युक्ती एवढ्या किरणोत्सर्गात, एवढ्या जागेत बसत नाही. म्हणून मोड्यूल एकामागोमाग एक, एकाच तारेत ओवायचे ठरले आहे, दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. त्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ अंधारात जाते हे सर्वांना माहीत आहे, आराखडा करणाऱ्यांनाही. त्यामुळे प्रत्येक चिपमध्ये एक नियामक ठेवला आहे. चिपला लागत नाही तो प्रवाह तो बाजूने पुढे पाठवतो, आणि शेजारच्या चिपवर आपत्ती आली तर तिच्या वाट्याचा प्रवाहही आपल्यावर घेतो.